मटाराएवढा साहेब

नारखेडे भाऊंच्या घरी तुम्ही पहिल्यांदा गेलात, की ते तुमच्या हातात पाण्याचा ग्लास देतात आणि समोर बसून तुमच्या गळ्याकडे बघत राहतात. तुम्ही एक घोट घेता, तसे ते थोडे पुढे वाकतात. "अजून एक. हनुवटी जरा वर करा," म्हणतात. ग्लास संपला की मान हलवतात आणि मगच "काय म्हणता, बरं आहे ना?" असं विचारतात. तोवर त्यांना उत्तर मिळालेलं असतं.

माझी बायको मीनल पहिल्यांदा त्यांच्याकडून परतली ती फणफणतच. "हा माणूस सारखा माझ्या मंगळसूत्राकडे बघत होता," ती म्हणाली. मंगळसूत्राशी भाऊंना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना त्यामागे कंठाशी बसलेली अवटू ग्रंथी, म्हणजे आपण जिला थायरॉइड म्हणतो ती, बघायची होती. गिळताना ती वर सरकते. सुजली असेल तर तेव्हा दिसते. हे कळल्यावर मीनलने त्यांना माफ केलं, पण अजूनही त्यांच्याकडे जाताना ती घरून पाणी पिऊन जाते.

प्रल्हाद नारखेडे मूळचे यावलचे. सिल्वासात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात आणि जवळच्या मसाटला मी आहे त्याच कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात काम करतात. आम्ही कृत्रिम धागा बनवतो. धागा तापवणाऱ्या हीटरांवर सेन्सर बसवलेले असतात. ते तापमान मोजून कंट्रोल रूमला कळवतात आणि तिथून उष्णता कमी-जास्त होते. ही यंत्रणा भाऊ सांभाळतात. मी पॅकिंग विभागाचा मॅनेजर, नाशिकचा. ग्रंथी आणि संप्रेरकांचा धडा मी शाळेत परीक्षेपुरता वाचला होता. भाऊंनी तो पन्नाशीनंतर वाचला आणि त्यातून ते अजून बाहेर आलेले नाहीत.

त्यातही पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी ग्रंथीचं नाव निघालं की ते डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतात. सेफ्टीवाले दोनदा रागावलेत, पण सवय जात नाही. "साहेब, मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, मटाराएवढा दाणा लटकतोय," ते हळू आवाजात सांगतात. "पोराची उंची किती वाढवायची, ते हा ठरवतो. पाजणाऱ्या आईच्या दुधाचा हुकूम इथून सुटतो. अवटूवर साहेब हाच. ना वायर, ना पाइप. रक्तात थेंबभर माल सोडायचा. तो अख्ख्या आंगात फिरतो आणि ज्याच्या नावाचा आहे त्यालेच भेटतो." एवढं ऐकून समोरच्याने लगेच दुसरा विषय काढलेला त्यांना आवडत नाही.

पहिले काही महिने मी हसलो. मग एके दिवशी दाढी करताना मी नाकाच्या मुळाशी बोट टेकवून आरशासमोर उभा असलेला मीनलला सापडलो. माझ्या आत, मला न विचारता, जन्मल्यापासून एक दिवस सुट्टी न घेता हा एवढा कारभार चाललाय, या विचाराने मला खरंच भरून आलं होतं. मीनलला मी दाढदुखी सांगितली.

एकदा कंपनीची सहल वासोण्याच्या सिंह सफारीला गेली होती. जाळीच्या बसला अगदी खेटून सिंह येऊन बसला. सगळ्यांचे मोबाइल वर. भाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "ती आयाळ म्हणजे नुसतं टेस्टोस्टेरॉन." तेवढ्यात सिंहाने डरकाळी फोडली आणि भाऊंनी झटकन माझं मनगट धरून घड्याळाकडे बघायला सुरुवात केली. "अधिवृक्क ग्रंथी, ॲड्रिनल," ते खुशीत म्हणाले. "किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी बसलीय. भीती वाटली हे तुम्हाले नीट कळायच्या आत तिने माल पाठवला बघा." सिंह उठून गेला तरी त्यांनी माझी नाडी सोडली नव्हती. त्या बसमध्ये सिंहाकडे पाठ करून बसलेला तो एकटाच माणूस असावा.

त्यांचे अंदाज चुकतातही. कँटीनचे रमेशभाई बारीक झाले, घामाघूम दिसायला लागले, तेव्हा भाऊंनी त्यांची अवटू जास्त काम करतेय असं ठरवून त्यांना रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट चोख निघाला. रमेशभाई श्रावणभर एकभुक्त होते आणि दिवसभर भट्टीपुढे उभे राहत होते, बाकी काही नाही. "नारखेडेभाई, अमथा अमथा डराव्या," उगाच घाबरवलं म्हणून ते कुरकुरले. भाऊंनी स्वतः पेढे आणून कँटीनमध्ये वाटले. "मी डॉक्टर नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "मी फक्त मीटर वाचतो." आणि खरंच, गोळीचं नाव त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. दवाखान्यात मात्र हात धरून नेलं.

ही सगळी गंमत माझ्यासाठी गंमतच राहिली असती. पण गेल्या मे महिन्यात सविताचं प्रकरण झालं.

सविता शिरपूरकडची. माझ्या विभागात धाग्याचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, खोक्यात भरायची. हात असा चालायचा, की नव्या मुलींना मी तिच्याशेजारी उभं करायचो. त्याआधीच्या वर्षभरात ती मंदावत गेली होती. खोक्यात कोन कमी-जास्त भरायला लागली, उभ्या उभ्या पेंगायला लागली, आवाज घोगरा झाला, अंग सुजल्यासारखं दिसायला लागलं. विचारलं तर एवढंच म्हणायची, "आंग जड पडस, साहेब." नवरा तिला आळशी म्हणायचा, ते लाइनीतल्या बायकांकडून माझ्या कानावर आलं होतं. दोन मेमोंमध्ये मीही वेगळं काही लिहिलं नव्हतं. मी 'हलगर्जी' असा जरा बरा शब्द वापरला होता. तिसरा मेमो म्हणजे नोकरी गेली. तो टाइप होऊन माझ्या टेबलावर सहीसाठी आला होता.

भाऊ वजनकाटा तपासायला आमच्या विभागात आले होते. काचेतून बाहेर बघत म्हणाले, "साहेब, ती बाई स्वेटर घालून काम करून राहिली."

मी बघितलं. पत्र्याखालचा मे महिना, बाकी सगळ्यांच्या पाठी भिजलेल्या, आणि सविताच्या अंगात बाह्या पुऱ्या असलेलं लोकरी स्वेटर. ती रोज माझ्या डोळ्यांसमोर तशी उभी होती आणि मला दिसली नव्हती.

भाऊ माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले. "मागे तीन नंबरचा हीटर बिघडला तेव्हा सगळे ऑपरेटरले शिव्या घालत होते. निघालं काय? सेन्सर ढिला. ऑपरेटरवर बोट दाखवायच्या आधी सेन्सर बघायचा. तिचं रक्त तपासून येऊ द्या, मग करा सही." मी म्हटलं, कागद वर पाठवायचा आहे. ते म्हणाले, "मग मी इथंच बसतो." आणि बसले. त्यांच्या विभागातून दोन फोन आले, तरी उठले नाहीत. शेवटी मी कागद खणात टाकला.

सविताच्या रक्ताचा रिपोर्ट आधी माझ्या हातात पडला. त्यात टीएसएच नावाचा आकडा भलताच वाढलेला होता. मी भाऊंना म्हणालो, "हिचं थायरॉइड तर जास्तच काम करतंय की. मग ही मंद कशी?" भाऊंचा चेहरा उजळला. "सगळे इथंच फसतात. हा आकडा कामगाराचा नाही, साहेबाचा आहे. खाली अवटू थकलीय, आंगाले ऊब द्यायचं काम तिच्याच्याने होत नाही. म्हणून वरून मटार ओरडतोय, काम कर, काम कर. ती जितकी कमी करते, तितका हा जास्त ओरडतो. मीटरवर दिसतंय ते त्याचं ओरडणं." दोन मेमो लिहून मीही तेच केलं होतं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक छोटी गोळी सुरू केली. रोज, आयुष्यभर. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही, दुसऱ्यात नाही. मग एके दिवशी स्वेटर दिसलं नाही. दिवाळीपर्यंत सविताचे हात पूर्वीसारखे चालायला लागले आणि ती मोठ्याने हसायलाही लागली. मी तिला हसताना कधी ऐकलंच नव्हतं. मोहरीएवढ्या गोळीने एक अख्खी बाई परत आणलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली, आणि ते नवल अजून माझ्या मनातून उतरलेलं नाही.

दिवाळीनंतर ती भाऊंसाठी फराळाचा डबा घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. भाऊंनी डबा घेतला, पण उघडला नाही. बराच वेळ झाकणाशी चाळा करत बसले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "सविताताई, एक विचारू? घरचे आळशी म्हणायचे, तेव्हा तुम्हाले काय वाटायचं?"

"खरं वाटायचं, भाऊ," ती म्हणाली. "मालेच वाटे, मी आळशी शे."

भाऊंनी मान खाली घातली. आणि मग जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते बोलले. त्यांची बायको सुमन. तीही अशीच जड झाली होती, विसरायला लागली होती, दिवसा झोपायची. "सहा वर्षं मी तिले आळशी म्हटलं. प्लांटमध्ये कधी ऑपरेटरले दोष दिला नाही, साहेब. घरी दिला. एक दिवस म्हटलं, जा भावाकडे, झोप तिथं पाहिजे तेवढी. ती गेली." वर्षभराने मेहुण्याने फोनवर रिपोर्टचा फोटो पाठवला. सोबत एक अक्षरही नव्हतं. त्यातला टीएसएच म्हणजे काय हे कळायला भाऊंनी पहिलं पुस्तक आणलं होतं. आता ती बरी आहे, भुसावळला शिवणाचे क्लास घेते. फोन करायला भाऊंना तोंड नव्हतं.

"मी आता फोन केला," ते सविताला म्हणाले, "तर ती ऐकेल का?"

ग्रंथींबद्दल सगळी उत्तरं तयार असलेला हा माणूस माझ्याच विभागातल्या बाईला विचारत होता, आणि उत्तराला घाबरून तिच्याकडे बघत नव्हता.

सविताने जरा विचार केला. "पहिल्यांदा नाही ऐकणार. नाही ऐकू द्या. तुम्ही सहा वर्षं बोलले ना? मग तिलेबी थोडी वर्षं लागतील. पण फोन करा, भाऊ."

भाऊंनी मान डोलावली. मग म्हणाले, "तिची गोळी सकाळी असेल. उपाशीपोटी. मग अर्धा तास चहा नाही. चहा झाला की लावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराबाहेर बूट घालत होतो. समोरचं दार उघडंच होतं. भाऊ खिडकीशी पाठमोरे उभे, कानाला फोन. "सुमन, मी बोलतोय," एवढंच ते म्हणाले. मी एक बूट हातात धरून थांबलो. भाऊ गप्प होते, पलीकडूनही काही येत नव्हतं, आणि फोन कोणीच ठेवत नव्हतं.