कोरी डिस्क आणि अंकिताची पत्रिका

"अर्ध्या दिवसाचं काम आहे! दुपारी पाहजो, कॉम्प्युटर हरणासारखा पळते का नाई!"

रविवारी सकाळी धर्मेंद्रनं ही घोषणा केली, तेव्हा सेलूच्या 'शुभमंगल ग्राफिक्स' या छपाईच्या दुकानात ती ऐकायला फक्त त्याची बायको होती. सुरभी शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुटीच्या दिवशी दुकानात बसून पेपर तपासायची.

"कॉपी घेतली का?" तिनं मान वर न करता विचारलं.

"घेतली न! सारं पेनड्राइव्हवर आहे. मी का आज आलो या धंद्यात?"

कॉम्प्युटरचं म्हातारपण आलं होतं हे खरं. चालू केला की थ्रेशरसारखा घरघरायचा, आणि एक फाइल उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा होऊन वर पान खाऊन व्हायचं! तेव्हा हार्ड डिस्क फॉरमॅट करायची आणि नवं विंडोज टाकायचं, असं ठरलं. ते टाकायला ते आधी पेनड्राइव्हवर घ्यावं लागतं. दुकानात पेनड्राइव्ह एकच होता. धर्मेंद्रनं तोच लावला. पडद्यावर सूचना आली, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? अशा सूचना वाचत बसलं तर धंदा कोणी करायचा! त्यानं 'यस' दाबलं. मग हार्ड डिस्कनंही तेच विचारलं. तिलाही 'यस'!

नवं विंडोज उघडलं. पडदा आताच सारवलेल्या अंगणासारखा लख्ख! धर्मेंद्रनं शीळ घातली, फाइली परत घ्यायला पेनड्राइव्ह उघडला, आणि शीळ मधेच विझली.

"सुरभी... पेनड्राइव्हवर विंडोज आहे."

"असणारच. तुम्हीच टाकलं ना?"

"फक्त विंडोजच आहे!"

सुरभीनं लाल पेन खाली ठेवला.

वाढदिवसाचे बॅनर गेले, दुकानांचे बोर्ड गेले, ते पुन्हा करता आले असते. पण अंकिताच्या लग्नाची पत्रिका! अंकिताचे वडील वासुदेवराव कापसाचे व्यापारी. पत्रिकेत निमंत्रकांची नावं कोणाच्या खाली कोण, यावरून त्यांच्या नातेवाइकांत महिनाभर लढाई चालली होती. शकुबाई म्हणजे अंकिताची आत्या. त्या म्हणत, मी साऱ्यात थोरली, माझं घर वर! डोमाजी म्हणजे मामा. ते म्हणत, मामाशिवाय लग्न लागते का, मी वर! नावं वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. आठव्या प्रुफाला सगळे याच दुकानात दाटीवाटीनं बसले, पडद्याकडे बघून एकदाचे "हो" म्हणाले, आणि वासुदेवरावांनी बजावलं, "आता एक नाव हाललं तर हे लग्न हालते, समजून घेजो!"

बरं, फोटोही कोणाकडे नव्हता. पहिली पत्रिका केळझरच्या गणपतीला, त्याआधी ती कोणाच्या मोबाइलवर जायची नाही, हाही वासुदेवरावांचाच हुकूम. कागदावरची प्रुफं त्यांनी स्वतःच्या हातानं फाडली होती. म्हणजे तो अख्खा तह या एका डिस्कवर होता. आणि आज दुपारी ते पत्रिका न्यायला येणार होते!

सुरभीनं मोबाइलचं नेट जोडून पुसलेल्या फाइली शोधायचं सॉफ्टवेअर उतरवलं. ते डिस्क चाळत बसलं. शेवटी पत्रिकेतला एक तुकडा सापडला. वरचा गणपती!

"तेवढाच वाचला," सुरभी म्हणाली.

"त्याले काय, त्याचं नाव कोणी खाली घेतलं नोतं!"

सगळी नावं धर्मेंद्रला तोंडपाठ होती. क्रम तेवढा आठवेना, कारण आठ प्रुफांचे आठ क्रम डोक्यात खिचडीसारखे शिजत होते. त्यानं शकुबाईंना फोन लावला.

"आत्याबाई, सहजच विचारतो, तुमचं नाव कोण्या ओळीत घेतलं होतं आपण?"

"पहिल्या! काऊन, कोणी हालवलं का?"

"नाई नाई नाई!"

मग डोमाजींना.

"मामाजी, सहजच..."

"मामा पहिले! शकुबाईचा फोन आलता न तुले? खरं सांग!"

थोड्याच वेळात दोघंही आपापल्या गाडीवर दुकानात हजर! समोरासमोरच्या खुर्च्यांवर, हाताची घडी घालून.

"पडदा इकडं फिरव," डोमाजी म्हणाले.

"अपडेट चालू आहे, मामाजी!"

हे खरं होतं. नवं विंडोज मघापासून बत्तीस टक्क्यांवर अडून बसलं होतं. धर्मेंद्रच्या कपाळावरून घाम मात्र शंभर टक्के वाहत होता.

तेवढ्यात बाहेर चारचाकी थांबली. वासुदेवराव आत आले. हातात रुमालानं झाकलेलं पूजेचं ताट.

"धर्मेंद्र बाबू, काढ पत्रिका! मंदिरात वेळेवर पोचाचं आहे. आणि हे दोघं इथं काय करून राह्यले?"

धर्मेंद्र नुसताच माउस हलवत राहिला. अपडेट संपलं. पडदा उघडला, कोराच्या कोरा! सुरभी उठली आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाली, "वर्तुळ."

"काय?"

"वर्तुळाला सुरुवात नसते. नावं गोल लावा."

"काकाजी, चहा घ्या, छापतोच!" धर्मेंद्र ओरडला आणि कीबोर्डवर तुटून पडला. मधे वाचलेला गणपती, त्याखाली अंकिता आणि नवरदेव पियुष, आणि भोवती सूर्याच्या किरणांसारखी सगळी निमंत्रक मंडळी. सुरभी मागं उभी राहून कोन सारखे करवून घेत होती. एरवी मुंगीला शिरायला जागा नसायची. आज पत्रिका कशी ऐसपैस दिसत होती!

पहिली प्रत बाहेर आली. डोमाजींनी झडप घातली, कागद जरासा फिरवला. "हे पाय! मामा वर!"

शकुबाईंनी तो हिसकला, अर्धा फिरवला. "कोठी वर? मी वर! म्हनलं नोतं?"

वासुदेवरावांनी चष्मा लावला. धर्मेंद्रनं डोळे मिटले.

"काऊन रे, आठव्या प्रुफात तर..."

"राहू दे भाऊ!" शकुबाई म्हणाल्या. "याच्यात मी बरोबर आहे."

"मी बी," डोमाजी म्हणाले.

महिन्याभरात पहिल्यांदाच दोघं एका बाजूला! वासुदेवरावांनी कागद फिरवून आपलं नाव वर आणलं, बराच वेळ डोळे भरून पाहिलं आणि म्हणाले, "नवी फॅशन आहे का?"

"एकदम नवी, काकाजी!"

"मंग छापून टाक साऱ्या!"

पहिली पत्रिका ताटात ठेवून तिघंही एकाच गाडीत केळझरला गेले. मशीन खटाखट चाललं. संध्याकाळपर्यंत गरमागरम गठ्ठे टेबलावर रचून झाले. धर्मेंद्र खुर्चीत रेलला.

"पाह्यलं? फॉरमॅट केलं म्हणून सुचलं! जुन्या विंडोजमध्ये असं..."

फोन वाजला. वासुदेवराव. मागून घंटांचा आवाज.

"धर्मेंद्र! मंदिरातल्या महाराजांनी पत्रिका गणपतीपुढं वाचली. विचारून राह्यले, देव येईल न बावा, पण कोण्या दिवशी?"

धर्मेंद्रनं सगळ्यात वरची पत्रिका उचलली. सरळ धरली. फिरवली. उलटी केली. तारीख कुठंच नव्हती. वेळही नाही. मंगल कार्यालयही नाही.

सुरभी त्याच्या खांद्यावरून बघत होती.

"तरीच म्हटलं," ती हळूच म्हणाली, "मधे एवढी मोकळी जागा उरली कशी!"