फाटकातलं मेहूण

श्रावणी सोमवार आणि बँक हॉलिडे एकाच दिवशी आले, याचं प्रमोदिनीला नवल वाटलं नाही. इंग्लंडातल्या सुट्ट्या बहुतेक सोमवारीच येतात. इथलं सरकार मनातून शंकराचं आहे, असं तिचं जुनं मत होतं. सूर्य मावळायच्या आत पूजा करायची, एका जोडप्याला मेहूण म्हणून जेवू घालायचं आणि मग उपास सोडायचा, हा तिचा नेम. नॉटिंगहॅमला ओळखीचं कुणीतरी जोडपं मिळायचंच. पण यंदा तिच्या नवऱ्याने, डॉक्टर गिरीशनी, आत राहता-रांधता येईल अशी एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली होती आणि त्यांना प्रमोदिनीला डर्बीशरचे डोंगर दाखवायचे होते.

"मेहूण काय, तिथे तंबूतंबूत मिळेल," ते म्हणाले होते.

कॅम्पसाइटच्या फाटकात मालक हॉब्स आडवे आले. त्यांनी व्हॅनचा गंज पाहिला, दोरीने बांधलेला बंपर पाहिला.

"दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आम्ही आत घेत नाही. साइटची शान जाते."

"मी वृद्धांचा डॉक्टर आहे," गिरीश म्हणाले. "माझ्या वॉर्डात पंच्याहत्तरच्या खालचे घेत नाहीत."

"मग हिला तिथे न्या."

गिरीशनी किल्ली फिरवली. व्हॅन दोनदा खोकली आणि फाटकाच्या मधोमध तिने डोळे मिटले. टोइंगवाला फोनवर म्हणाला, सुट्टी आहे, उद्या येतो. मागे ढकलावी तर चढ.

"पुढे उतार आहे," गिरीशनी सुचवलं. "ती आत जाऊ शकते. बाहेर नाही."

"आत घेता येत नाही. पॉलिसी आहे."

त्यामुळे व्हॅन ना आत, ना बाहेर. मागे नव्याकोऱ्या गाड्या येऊन थांबल्या.

"अहो, ऊन पिवळं पडलं," प्रमोदिनी म्हणाली. "मी पूजा मांडते, कुकर लावते. तुम्ही मेहूण बघा."

गिरीश रांगेत फिरून आले. "मागच्या गाडीत दोन भाऊ आहेत. त्यामागे एक बाई आणि तीन कुत्री."

"आत विचारा ना."

"मला कुठे आत घेतायत? मीही दहा वर्षांपेक्षा जुना आहे."

तेवढ्यात वरणाच्या फोडणीचा वास उताराने खाली गेला आणि हॉब्सच्या घरातून जीन नावाच्या बाई वर आल्या. हॉब्सही जवळ सरकले. प्रमोदिनीला महादेव पावल्यासारखं वाटलं.

"दोघं जेवायला या. लग्नाला किती वर्षं झाली?" तिने सहज विचारलं.

"लग्न कुठलं," हॉब्स व्हॅनच्या पायरीवर पाय ठेवत म्हणाले. "नुसते एकत्र राहतो. एकोणीस वर्षं."

तिचा भाताचा हात थांबला. "सॉरी हं," ती हळू आवाजात म्हणाली. "मग आत घेता यायचं नाही. नियम आहे."

"कुणाला काय कळणार?"

"महादेवाला."

हॉब्सनी पाय खाली घेतला. सूर्य डोंगराला टेकला होता. सकाळपासून प्रमोदिनीच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं.

"अगं, घे चालवून," गिरीश म्हणाले.

तिने जीनबाईंकडे पाहिलं. "तुम्ही दोघं भांडता का हो?"

"रोज."

"कशावरून?"

"एकाच गोष्टीवरून. हा माझं ऐकत नाही."

"कधी ऐकलं नाही?" हॉब्स म्हणाले.

"बघा."

"मी काल ऐकलं."

"काल मी काही बोललेच नव्हते."

प्रमोदिनीने मांडलेल्या पूजेकडे बघून हात जोडले.

"अहो, यांचं लग्न झालेलं आहे," ती गिरीशना मराठीत म्हणाली, आणि दोन पानं वाढायला घेतली.