न खोललेलं इंजिन

ज्ञानू हवालदार नव्या माणसाला आधी आपल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन सांगायचा आणि मग स्वतःचं नाव. तेसुद्धा समोरच्यानं विचारलं तर. माझी आणि त्याची ओळख अशीच झाली. वडूजला मी औषधाचं दुकान थाटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा उंचापुरा, मिशाळ गडी पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "एकवीसास एक."

मला वाटलं गिऱ्हाईक डोक्यानं जरा हललेलं आहे. म्हटलं, "काय पाहिजे आपल्याला?"

"काय बी नगं. कॉम्प्रेशन सांगतुया. एकवीसास एक. पेट्रोलच्या गाडीला किती असतंय? सातास एक. लय झालं तर आठ. या भाईर, डागदर, दावतो."

मी डॉक्टर नाही हे त्याला पुढं शंभरदा सांगितलं, पण त्यानं ते मनावर घेतलं नाही.

बाहेर ती गाडी उभी होती. काळी, लांबलचक, जर्मन, आत चामड्याच्या गाद्या. दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीनं जुनी झाली म्हणून लिलावात काढली आणि पलटणीतून पेन्शनीत निघालेल्या ह्या बहाद्दरानं ती घेऊन चालवत वडूजला आणली. लोक पेन्शनीत निघाले की विहीर काढतात, माडी बांधतात. ह्यानं साहेबलोकांची गाडी आणली. आता बोला!

बरं, गाडीच्या थाटाचं त्याला सुतराम कौतुक नव्हतं. मी गादीवर हात फिरवला तर खेकसला, "बैल घेताना झूल बघता का छाती? हिकडं बघा." आणि बॉनेट उघडून सुरू झाला. चार सिलिंडर, एकोणीसशे सी.सी., पन्नास घोडे. कार्बोरेटर नाही, ठिणगी नाही. "ठिणगीच न्हाई, तर पावसात इझंल काय? नुसत्या दाबानं पेटतंय!" मग छाती पुढं काढून शेवटचं वाक्य: "आनि खोललेलं न्हाई!"

हे त्याचं ब्रीद. जर्मनीतल्या कारखान्यात कुण्या गोऱ्यानं शेवटचा नट आवळला, त्यानंतर ते इंजिन कुणी उघडलेलं नाही. लोक घराण्याचा अभिमान सांगतात, तसा हा ते सांगायचा. पोळ्याच्या दिवशी सांगायचा, मयतीला गेला तरी सांगायचा. सरणाला अग्नी देऊन माणसं परत निघाली की मागून ह्याचा आवाज यायचा, "माणसाचं काय खरं न्हाई बघा. पर इंजान…" की लोक पाय उचलायचे.

त्या गाडीत बसायचं म्हणजेही एक दिव्य होतं. डिझेल गाडी ती, थंड असली तर आधी आतली तार तापवावी लागे. समोरच्या फळीवर एक खुंटी होती. ती अर्धी ओढली की शेजारच्या छोट्या भोकात एक तार हळूहळू लाल व्हायची. पुरती लाल झाली की खुंटी पुढं ओढायची, मग इंजिन सुरू. तोवर गाडीत कुणी बोलायचं नाही, असा हवालदाराचा हुकूम. का, ते त्यालाच ठाऊक. एकदा एका पुढाऱ्याला पुसेसावळीला सभेला न्यायचं होतं. तो मागं बसून भाषण घोकत होता. हवालदारानं खुंटी सोडून दिली आणि मागं वळून म्हणाला, "सायेब, गप ऱ्हावा. न्हाईतर चालत जावा." सायेब गप राहिले. त्यांना सोडून आल्यावर मी विचारलं, "कसा वाटला माणूस?"

"धूर लय, पुलिंग न्हाई."

माणसं मोजायचं त्याचं माप हे असं. आमचे हेडमास्तर म्हणजे "सकाळचं लवकर सुरू हुईना असं मशीन." सोसायटीचा चेअरमन म्हणजे "तेल पितंय." आणि मी? "डागदर, तुमी बरं हाईसा, पर न्यूट्रलमदी." बायकोनं हे ऐकलं आणि महिनाभर मला तेच ऐकवलं.

इंजिन किती गुळगुळीत चालतं हे दाखवायला तो चालू इंजिनावर रुपया उभा करायचा. अहो, डिझेल ते! उखळात मुसळ पडावं तसं धडधडणारं. रुपया क्षणभर थरथरायचा आणि टणकन् गटारात जायचा. "वडूजचं वारं लय वाईट," हवालदार म्हणायचा.

"वारं कुठाय, हवालदार? झाडाचं पान हलेना."

"खालनं येतंय ते. तुमाला न्हाई समजायचं."

वर्षातून एकदा तो गाडी सांगलीला न्यायचा, रशीदमिस्त्रींकडं. ते डिझेलच्या कामातले नाणावलेले कारागीर. पण काम करायची परवानगी त्यांनाही नव्हती, फक्त ऐकायची. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाला टेकवायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "हवालदारसाहेब, एकदा खोलू द्या हो. नुसतं बघून परत लावतो." हवालदार दोन हात आडवे करून इंजिनापुढं उभा. मग दोघं चहा प्यायचे आणि हा परत. तेवढ्यासाठी वडूज ते सांगली! मी एकदा बरोबर गेलो आणि कानाला खडा लावला.

मधे पेट्रोल एकदम महागलं तेव्हा मात्र त्याचे दिवस आले. ज्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं ते बागायतदार दारात येऊन "डिझेल किती चालतंय?" विचारायला लागले. हवालदार ओट्यावर बसून एकेकाला तासभर रखडवायचा. आत घरातून एक कोवळा आवाज यायचा, "आप्पा, ॲव्हरेज सांगितलंसा, पर तेलपानी कवा बदलायचं ते ऱ्हायलं." आणि हवालदार, ज्याला कुणी मधे बोललेलं खपायचं नाही, तो मान डोलवायचा. "व्हय व्हय. ऱ्हायलंच ते."

तो आवाज शालनचा. त्याची एकुलती एक पोर. चार वर्षांची असताना आई तापानं गेली, म्हणून तर हा मुदतीआधी पलटण सोडून आला. आता ज्या माणसाची उमर जवानांत आणि ट्रकांत गेली, त्यानं चार वर्षांच्या पोरीशी बोलायचं काय? त्याला एकच विषय येत होता, तो त्यानं तिला सांगितला. वेणी घालताना सिलिंडर, भाकरी थापताना इंजेक्टर. भाकरीचा नकाशा व्हायचा, पण पोरगी सहाव्या वर्षी बॉनेटखालचा एकेक भाग ओळखायची. शिंप्यानं कधी कापड दाखवलं तर पोरगी आधी त्याची चिंधी इंजिन पुसायला बरी पडेल का ते बघायची. पुढं ती मोठी झाली, चांगली शिकली, पण बापलेकीचं बोलणं म्हणाल तर तेच. मी कधी त्याला "शाले, बरी हाईस का?" असं विचारताना ऐकलं नाही. "आज आवाज कसा वाटला गं?" एवढंच.

तिला स्थळं यायला लागली आणि आमची करमणूक झाली. नवरा मुलगा बघायला आला की हवालदार त्याला कांदेपोह्यांआधी बॉनेटपाशी न्यायचा. म्हसवडचा एक शिक्षक "छान आहे हो रंग" म्हणाला आणि पोहे न खाता परत गेला. शेवटी कोयनानगरचा एक मुलगा आला, धरणाच्या वीजघरात नोकरीला, विजय नावाचा. हवालदारानं "पन्नास घोडे!" म्हणून मिशीला पीळ दिला. पोरगा नम्रपणे म्हणाला, "आमच्या टर्बाइनला घोडे मोजत नाहीत. हजारांनी होतील." हवालदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला वाटलं, गेलं हेही स्थळ. तेवढ्यात पोरानं वाकून इंजिनाच्या झाकणाच्या कडेला, जिथून ते खोलतात तिथं, बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कधी खोललंय का?"

"न्हाई."

"मग खोलू नका."

हवालदारानं तिथल्या तिथं सुपारी फोडायला भटजीला बोलावणं धाडलं.

लग्न वडूजला दुपारी लागलं. नवरीला हवालदार स्वतः गाडीतून कोयनानगरला पोचवणार, हे आधीच ठरलं होतं. तिथं दिवेलागणीला नवरीनं माप ओलांडायचं होतं, सगळी कॉलनी खोळंबून बसणार. मुलाचे वडील, त्यांना तात्या म्हणत, मोठे थट्टेखोर. ते म्हणाले, "हवालदार, पोचेल ना तुमची जर्मनी? की ट्रकात बसू?"

"तीन तासांत न्हाई पोचलो तर मिशी उतरीन!" आणि ओघानं पुढचं, "खोललेलं न्हाई!"

मागं नवरानवरी आणि तात्या, पुढं हवालदार आणि मी. निघालो, आणि माझ्या लक्षात आलं की आपण चालतच नाही. गाडी रांगत होती. उसाच्या बैलगाड्या आमच्या पुढं गेल्या. वऱ्हाडाचा ट्रक भोंगा वाजवत, टोप्या उडवत गेला. एक सायकलवाला बराच वेळ माझ्या खिडकीशी गप्पा मारत आला आणि कंटाळून पुढं निघून गेला. मी म्हटलं, "हवालदार, जरा दाबा की!" त्यानं मागून आलेल्या आणखी एका बैलगाडीला हात दाखवून वाट दिली.

कराड गेलं. पाटणच्या अलीकडं एका वडाखाली त्यानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. "तापलंय," म्हणाला.

मी समोरच्या, इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्याकडं बघितलं. काटा ऐंशीवर, रोज असायचा तिथंच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून तात्या खदखदून हसले. "काय हो, टाकली का जर्मनीनं मान?"

मला वाटलं आता हा खाली उतरून तात्यांच्या नरड्याला धरतो. हवालदार खाल मानेनं म्हणाला, "व्हय, तात्या. म्हातारं झालंय. आता भरवसा ऱ्हायला न्हाई त्याचा."

अहो, मी गारच पडलो! ज्यानं रशीदमिस्त्रींना नट हलवू दिला नाही, तो व्याह्यासमोर त्या इंजिनाला भरवशाचं नाही म्हणत होता. तो उतरला, त्यानं बॉनेट उघडलं आणि त्यामागं दिसेनासा झाला. मी पाणी पाहिजे का विचारायला गेलो, तर हा इंजिन पुसायच्या चिंधीनं डोळे पुसत उभा. मिशीला तेल, गालाला काजळी. मला बघून म्हणाला, "धूर गेला डोळ्यात." इंजिन बंद होतं हो! धूर कुठला? मी तसाच मागं फिरलो.

विजय उतरायला लागला, "मी बघतो काय झालंय." शालननं त्याच्या शेल्याला धरून त्याला खाली बसवलं. सबंध वाट ती मागून त्याच काट्यावर डोळा ठेवून होती, हे मला तेव्हा उमगलं. "तुमी बसा," म्हणाली. शालू आवरत उतरली आणि बॉनेटमागं गेली.

मी वडाच्या बुंध्याशी बसलो होतो, तिथून मला दोघं दिसत होती आणि बोलणं ऐकूही येत होतं. इंजिन समोर उघडं, आणि हवालदार त्यातलं एक अक्षर बोलेना.

मग म्हणाला, "दुपारी जेवलीस का गं नीट?"

"व्हय."

"तिकडं पावसाळ्यात लय गारठा असतोय. स्वेटर घेतलायस?"

"घेतलाय, आप्पा."

"तितं जमीन हलती. हलली का आदी भाईर पळायचं. चुलीवर दूध असलं तर उतू जाऊंदे, भांडीकुंडी बघत बसू नगंस." थोडं थांबून, "आनि घाबरलीस तर सांगावा धाड. मी येतो."

इकडं तात्यांची चुळबुळ सुरू झाली होती. सूर्य डोंगराकडं कलला होता. त्यांनी हाक दिली, "हवालदार, झालं का थंड तुमचं इंजिन? माप ओलांडायचंय पोरीला!"

हवालदारानं डोळे पुसले आणि बॉनेट खाली घ्यायला हात वर केला. शालननं, हिरव्या चुड्याच्या हातानं, त्याचा हात तसाच वर धरून ठेवला.

"न्हाई, मामंजी!" ती बॉनेटमागूनच ओरडली. "लय तापलंय. आजून हात लावून देत न्हाई!"

तात्या कुरकुरत बॉनेटकडं निघाले. मी उठलो, त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, "चला तात्या, तोवर पुढं कुठं चहा मिळतोय का बघू."