बुरुल-एजेंची शांत बसायची खोली

“चूल कुठे दिसत नाही,” सुतार मुकाश आराखडा उलटसुलट बघत म्हणाला.

“चूल नाहीच आहे, मुकाश-बाइके,” तिलेक थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला.

“पलंग?”

“नाही.”

“बरं, चहाचं सामान ठेवायला एखादी फळी तरी?”

“काही नाही. एक खोली, एक दार, एक खिडकी. बुरुल-एजे आत जाणार आणि जमिनीवर बसणार.”

“आणि?”

“आणि काही नाही. शांत बसणार.”

“किती वेळ?”

“त्यांना वाटेल तितका.”

मुकाशने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. अशी खोली त्याने आयुष्यात एकच प्रकारची पाहिली होती, आणि ती गावाबाहेरच्या कबरींच्या टेकडीवर असायची. पण तो तेव्हा काही बोलला नाही. तसा तो न बोलणारा माणूस नव्हता. संध्याकाळी चहाला गावात जाणार होता, तेव्हा बोलणार होता.

तिलेक राजधानी बिश्केकमधला वास्तुकार. लोकांच्या बाल्कन्यांना काचा बसवून आणि दुकानांना खोटे खांब चिकटवून तो इतका विटला होता, की बुरुल-एजेंचं काम आलं त्याच आठवड्यात त्याने नोकरीला रामराम ठोकला. एजे म्हणजे ताई; या ताई काराकोलच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर पोरांवर ओरडून त्यांचा रक्तदाब चढला होता, आणि कुठल्याशा शिबिरात ध्यानाची गोडी लागली होती. “माझ्या वडिलांचं कुरण आहे दरीत. तिथे मला अशी जागा बांधून दे, जिथे कुणी माझ्याशी बोलणार नाही,” त्यांनी बजावलं होतं. झाड एकही तोडायचं नाही, वाऱ्याने पडलेले ओंडकेच वापरायचे, सिमेंटचा कण नको, भिंतींत मेंढीची लोकर भरायची. तिलेकला हे स्वप्नच वाटलं.

स्वप्नात मुकाश नव्हता.

“पाया किती खोल?” दुसऱ्या दिवशी त्याचा प्रश्न.

“पाया नाही. दगडांवर नुसती टेकवायची. मागे खूण राहू नये, अशी एजेंची इच्छा आहे. कधीतरी सगळं मातीला मिळेल, वर गवत उगवेल, संपलं.”

मुकाशची करवत थांबली. “असं म्हणाल्या?”

“स्वतः.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“डॉक्टर काय म्हणणार? आता शांतता हवी म्हणतात.”

“हं.” मुकाशने करवत हळूच खाली ठेवली. “आणि खिडकी पश्चिमेलाच का? किब्ला तिकडे आहे, मक्केकडे तोंड व्हावं म्हणून?”

तिलेक त्या वेळी एका सांध्याची खाच तपासत होता. खाच बसत नव्हती, कारण मुकाशने ती उलट बाजूला पाडली होती. “असेल, असेल,” तो वैतागून म्हणाला.

त्या ‘असेल’ने घात केला.

त्यानंतर गावाचं वागणंच बदललं. कुरणावरून जाणारा घोडेस्वार टोपी काढून पुढे जायचा. बायका तळलेले गरम बोरसोक आणून द्यायच्या आणि खोलीकडे बघून डोळे पुसायच्या. “शाळेत कान असा पिळायच्या, की आठवडाभर ऐकू यायचं नाही,” एकजण हुंदका देत म्हणाली, “पण किती चांगल्या होत्या!” तिलेकला गहिवरून आलं. राजधानीत त्याच्या कामाकडे कुणी मान वर करून बघितलं नव्हतं. इथे लाकडाच्या चार भिंतींपुढे माणसं रडत होती! ‘होत्या’ का म्हणतात, एवढं त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण स्तुती ऐकताना व्याकरण कोण बघतो?

खोली तयार झाली. बुरुल-एजे आल्या, वाकून आत शिरल्या, खिडकीसमोर मांडी घातली, डोळे मिटले आणि एक दीर्घ श्वास घेतला. दुसरा श्वास घ्यायच्या आत दरीतून टापांचा आवाज आला.

“हाय माझी बहीण! हाय आमचा आधार!” चाळीसेक घोडेस्वार खोगिरावर डोलत, टाहो फोडत येत होते. मागे ट्रकवर मयतासाठी उभारायचा तंबू, आख्खं युर्त होतं, आणि जेवणासाठी एक मेंढी.

तिलेक दारात आडवा झाला. “शांतता! अहो, शांतता! इथे शांततेसाठी आणलंय त्यांना!”

“कळतं रे पोरा, आम्हालाही कळतं,” म्हणत एका म्हाताऱ्याने त्याला छातीशी धरलं. तिलेकचं पुढचं बोलणं त्याच्या कोटात गेलं.

दार उघडून एजेंनी डोकं बाहेर काढलं. “काय गोंधळ लावलाय?”

“अजून उठून बसतायत!” कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

“मी मेलेले नाही!”

“नाही, नाही, इतक्यात कुठे,” मुकाश समजुतीच्या सुरात म्हणाला. “सावकाश होऊ द्या. घाई नाही कुणाला.”

एजे मुख्याध्यापिकेच्या आवाजात ओरडू लागल्या. मेंढी तोवर कापली गेली होती, आणि कापलेली मेंढी काही परत उभी राहत नाही, तेव्हा शिजू लागली. तिलेक एकेकाला पकडून समजावत होता. ज्याला पटायचं तो म्हणायचा, “बरं झालं बाबा,” आणि जेवायला बसायचा.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. खांद्यावर जुना गालिचा घेऊन एक बुटकी, लालबुंद म्हातारी तरातरा आली. एजेंची धाकटी बहीण, तोक्तोबुबू. आईच्या याच गालिच्यावरून दोघींचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. ती थेट आत घुसली, गालिचा पसरला आणि एजेंच्या गळ्यात पडली.

“घे, बाई! तुझाच होता. मी चोरलाच होता. आता अंगाखाली घेऊन जा!”

“कुठे जाऊ? मी ठणठणीत आहे!”

तोक्तोबुबूचं रडणं मधेच तुटलं. “म्हणजे तू मरत नाहीयेस?”

“नाही.”

“मग गालिचा दे परत.”

“दिलेली वस्तू परत मागतात?” असं म्हणत एजे गालिच्याच्या मधोमध जाऊन बसल्या.

“बघतेच कशी देत नाहीस ते!” तोक्तोबुबूनेही फतकल मारली. दोघींची पाठीला पाठ लागली, आणि दोघींनी तोंडं घट्ट मिटली. जी उठेल तिच्या हातचा गालिचा जाणार, हे सांगायची गरज नव्हती.

बाहेर जेवणं झाली, युर्त मोडलं, लोक पांगले. आतून चकार शब्द नाही. तिलेकने खिडकीतून डोकावलं. मावळतीचा उजेड नेमका त्याने ठरवला होता तसा पडला होता, आणि त्यात दोन म्हाताऱ्या डोळे मिटून दगडासारख्या बसल्या होत्या. शिबिराच्या गुरूंनीही असं ध्यान पाहिलं नसेल. तिलेकने कपाळाला हात लावला आणि गाडीत जाऊन झोपला.

पंधरवड्याने त्याला फोन आला.

“मी तोक्तोबुबू. मलाही तशीच खोली हवी. तिच्याहून जरा वर. आणि खिडकी बरोबर तिच्या दारासमोर.”

“अहो एजे, ध्यानाच्या खोलीसमोर मोकळं रान हवं, झाडं हवीत,” तिलेक काकुळतीला आला. “समोर माणूस आलं की मन भटकतं.”

“माझं नाही भटकत,” म्हातारी म्हणाली. “ती समोर असली, की माझं चित्त असं एकाग्र होतं की विचारू नकोस.”