दिनूभाऊंची एकुलती एक कॅसेट

रविवार, दिवाळीनंतरचा, १९८६. स्थळ: पांढुर्णा, आमची पुढची खोली. हजर: मी, माझी मुलगी कुंदा, जनाकाकू आणि शेजारचे दिनूभाऊ.

दिनूभाऊ सौंसरला तहसिलीत कारकून आहेत. घरी एकटेच. टेपरेकॉर्डर एक आणि कॅसेटही एकच. जे काही ऐकायला मिळेल ते त्या एका कॅसेटमध्ये बसलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हणून भरता भरताच कापतात. अंगठा पॉझच्या बटणावर. बोलणाऱ्यानं श्वास घेतला की बटण दाबलं, तोंड उघडलं की सोडलं.

"वहिनी, लोकं बोलण्यात अर्धी हवाच भरून राहिले," ते म्हणतात. "हवेले कायले जागा द्याची?"

स्वतःच्या भाच्याचं लग्न असंच भरलं. लावून पाहतो तर पहिल्या मंगलाष्टकाला चिकटून थेट पंगतीतला आग्रह! नवरीचे वडील हबकले. "अन् माही पोरगी कवा गेली?" तिगावच्या सभेतलं तासाभराचं भाषण उरलं ते एवढंच: "बंधू-भगिनींनो, धन्यवाद." मी कपाळाला हात लावला. दिनूभाऊ शांत. "दुसरं काही नव्हतंच त्याच्यात."

अशा माणसावर मी विसंबले, कारण इलाज नव्हता; रविवारी दुकानं बंद, कोरी कॅसेट मिळेना. माघात कुंदाचं लग्न. लग्नाची जुनी गाणी आमच्या आळीत एकट्या जनाकाकूंना येतात, आणि काकू सोमवारच्या गाडीनं मुलाकडे भोपाळला निघालेल्या, कायमच्या. शब्द मी लिहून घेतले होते, पण चाल कागदावर उतरत नाही. कॅसेटची एक बाजू भजनांनी भरलेली. ती दिनूभाऊ पुसू देईनात. उरली अर्ध्या तासाची दुसरी बाजू (तिच्यावरचं लग्न नि भाषण पुसायला तयार झाले), आणि गाणी दुपारभराची.

"कापत कापत बसवतो. फिकर नोका करू."

काकू गायल्या. हळदीचं, मांडवाचं, विहिणीचं. बिदाईच्या गाण्याला कुंदा रडली, तर तिलाच रागावल्या. मध्ये खोकल्या, पाणी प्यायल्या. अंगठा सारखा चालू होता. मी एकेका गाण्यापुढे खूण करत गेले.

सोमवारी काकूंना गाडीत बसवून आले आणि कॅसेट लावली.

खोकला. मग, "बाबू, तिकडे उन्हात नोको बसू." भांड्याचा आवाज. "कुंदे, बाबूले चहा दे वं, तोंड पाह्य कसं सुकलं त्याचं." पुन्हा खोकला. "बाबू, बोट नाही दुखत का रे तुयं?"

गाणं एकही नाही. एक ओळसुद्धा नाही! बाजू उलटली, परत उलटली.

तशीच शेजारी गेले. "दिनूभाऊ, गाणी कुठं आहेत?"

"कापली."

"कापली?"

"जागा नव्हती, वहिनी."

"अहो, पण खोकला ठेवलात!"

त्यांनी मान वर केली नाही. "गाणं कोणी ना कोणी म्हणतेच. मले बाबू म्हणणारं आता इथं कोण राहिलं?"

भांडायचे सगळे मुद्दे मी वाटेतच जुळवून आणले होते. कॅसेट त्यांच्या हातात दिली आणि घरी आले.

दुसऱ्याच दिवशी कोरी कॅसेट आणली. भोपाळची तिकिटंही काढली, तीन. तिसरं कोणाचं, ते दिनूभाऊंना अजून सांगायचं राहिलंय.