पोर्टर, स्टाउट आणि चिंतामणरावांचे निलंबन

सांगलीच्या पेयवर्गीकरण कार्यालयात एका सकाळी चिंतामणरावांसमोर काळ्या बिअरचे दोन ग्लास ठेवण्यात आले. चिंतामणरावांनी उभ्या आयुष्यात ताकापलीकडे आंबलेले काही घेतले नव्हते. शिवाय ते निर्व्यसन मंडळाचे अध्यक्ष होते.

"ही पोर्टर, ही स्टाउट," वरद म्हणाला. त्याने मिरज रस्त्याला बिअरचा छोटा कारखाना काढला होता. "प्रकार दोन आहेत साहेब, म्हणून परवानेही दोन हवेत."

चिंतामणरावांनी दोन्ही ग्लास खिडकीशी धरले. "दोन्ही काळ्याच आहेत."

"पोर्टर गोडसर, चॉकलेटच्या अंगानं जाणारी. स्टाउटमध्ये भाजलेलं जव जास्त, म्हणून कॉफीसारखी कडसर. चाखून तर बघा."

"कामावर असताना चाखता येत नाही. आणि न चाखता फरक प्रमाणित करता येत नाही."

"अहो, माझी पिंपं खराब होतील!"

वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवले. उत्तर स्पष्ट होते: संबंधित अधिकाऱ्यास चव घेण्यापुरते निलंबित करावे. त्याप्रमाणे चिंतामणराव निलंबित झाले. त्यांनी डोळे मिटून एक घोट घेतला, मग दुसऱ्या ग्लासातला. त्यांच्या भुवया टकलापर्यंत चढल्या.

"अरेच्चा! फरक आहे की!"

"लय हाय," शिपाई गुंडा म्हणाला. त्याला साक्षीदार म्हणून निलंबित केले होते.

पण निलंबित माणसाची सही चालत नाही. चिंतामणरावांना तातडीने कामावर घेतले, तर निलंबनकाळात मिळालेले ज्ञान सेवेत धरता येत नाही असे निघाले. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा निलंबन. तिसऱ्या दिवशी लेखापाल सोनियाबाईंनी अर्ज दिला: 'इतकी वर्षे निष्कलंक सेवा केली, आता तरी माझ्या निलंबनाचा सहानुभूतीने विचार व्हावा.' आठवडाभरात दुपारनंतर कार्यालयात कामावर असे कोणी उरेना.

"अहो, निलंबन झालंय आणि गुणगुणताय काय?" घरी पत्नी शकुंतलाबाईंनी विचारले.

"हल्ली कामात फार मन रमतं," चिंतामणराव म्हणाले.

बातमी निर्व्यसन मंडळाला लागली. आता अध्यक्षपद जाणार, हे चिंतामणरावांनी ओळखले. मंडळाने परवान्यावर कडक हरकत घेतली. पण नियमानुसार, ज्या वस्तूवर हरकत घ्यायची ती हरकतदाराने स्वखर्चाने चाखलेली असणे बंधनकारक होते.

सुनावणीच्या दिवशी रांग पार कृष्णेच्या घाटापर्यंत गेली. साताऱ्याहून गाड्या आल्या, वडूजहून तर टेम्पो भरून संताप आला. सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले होते. सर्वांत पुढे, चाखायला, मंडळाचे उपाध्यक्षच होते. त्यांना पाहून चिंतामणरावांचा जीव भांड्यात पडला.

लोकांनी आधी पोर्टरवर हरकत घेतली. मग स्टाउटवर अन्याय नको म्हणून तिच्यावरही घेतली.

"आवं, माझी हरकत नीट नोंदली न्हाई," वडूजचे एक आजोबा म्हणाले. "पुन्यांदा घ्या."

संध्याकाळी मंडळाने एकमताने फेरसुनावणी मागितली. सगळी पिंपं रिकामी झाली होती. वरदने हसत अर्ज मागे घेतला. "परवाना राहू द्या साहेब. हरकतींवर मस्त चाललंय."

पुढची सुनावणी डुंकेल नावाच्या तपकिरी, पावाच्या कडेसारख्या खरपूस प्रकारावर आहे. वाचकहो, आपलाही या सगळ्या प्रकाराला तीव्र विरोध असणार, हे कार्यालयाने गृहीत धरलेच आहे. आपली खुर्ची राखून ठेवली आहे. रुमाल तेवढा घरून आणावा.