भाऊबीजेपर्यंत न उघडायची गोण

मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की यंदा भाऊबीजेला बहिणीच्या ताटात नारळ घालायचा नाही.

गेल्या वर्षी घातला होता. (पगार झाला नव्हता. पगार होत नाही तेव्हा माणसाला नारळाचं पावित्र्य फार पटतं.) कमलनं ओवाळलं, मी गंभीर चेहऱ्यानं तो नारळ तबकात ठेवला, आणि तिच्या सासूबाईंनी, म्हणजे काशीबाईंनी, तो उचलून कानाशी धरून हलवला. "पाणी आहे हो आत," त्या म्हणाल्या. "चला, भाऊ अगदीच कोरडा नाही आला."

त्यानंतर वर्षभर त्या घरात नारळ फुटला की माझी आठवण निघे. हे मला कमलनं कधी सांगितलं नाही. पण गणपतीत भेटली तेव्हा लुगड्याच्या पदराशी चाळा करत म्हणाली, "दादा, यंदा भाऊबीजेला तुला जमलं नाही तरी चालेल हं. मी चंद्राला ओवाळीन." मी हसलो. घरी येईपर्यंत हसतच होतो. मग मात्र जेवण गेलं नाही.

ती अठराशे सत्याण्णव सालची दिवाळी. गाठीच्या तापाला, म्हणजे प्लेगला, भिऊन निम्मे कामगार कोकणात पळालेले, त्यामुळे परळची आमची मिल आठवड्यातून तीनच दिवस चाले. मी तिथं हजेरीकारकून. माणसंच नाहीत तिथं हजेरी कुणाची मांडणार? मी आपला माझीच हजेरी दोनदा मांडून बसे. पगार व्हायचा होता भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. मिलच्या मालकाला बहीण नसावी.

घरात चूल पेटत होती ती चिठ्ठीवर. गिरगावातल्या काही सुखवस्तू मंडळींनी धान्याची एक कमिटी काढली होती. ती दर घरामागे एक चिठ्ठी देई, आणि चिठ्ठी दाखवली की लालबागच्या अप्पा वाण्याच्या दुकानातून पंधरा दिवसांचे तांदूळ मिळत. फक्त तांदूळ. चिठ्ठीवर दुसरं काही घेतलेलं आढळलं तर चिठ्ठी कायमची बंद. पहिल्यांदा मी ती रांगेत उभा राहून आणली तेव्हा पगडी घरी ठेवून गेलो होतो, कुणी ओळखू नये म्हणून. रांगेतल्या पहिल्याच माणसानं विचारलं, "काय कारकुनानू, आज पगडी नाय?"

धनत्रयोदशीला चिठ्ठी घेऊन अप्पाच्या दुकानात गेलो. अप्पाच्या भावाचं कापडाचं दुकान शेजारीच, मधली भिंत अर्धीच. त्या भिंतीवरून एक लुगडं लोंबत होतं. हिरवं, लाल काठाचं. मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असावं.

"बायकोला?" अप्पानं विचारलं.

"बहिणीला," मी म्हटलं. "पण छे, माझ्याकडे चिठ्ठी आहे."

"मग झालं तर. चिठ्ठी मला द्या, लुगडं तुम्ही न्या."

"आणि कमिटी?"

अप्पानं मान किंचित वळवून रस्त्यापलीकडे पाहिलं. समोरच्या ओट्यावर कमिटीचे रघुवीरराव छत्री उघडून बसले होते. प्रत्येक चिठ्ठीमागे एक गोण दुकानातून बाहेर पडते की नाही, हे ते वहीत टिपत. अत्यंत सचोटीचा माणूस. गोणीत काय आहे हे पाहणं मात्र त्यांना शिष्टाचाराला धरून वाटत नसे.

तेव्हा अप्पानं एका गोणीत भाताचं तूस भरलं, मधोमध लुगडं दडवलं, तोंड सुतळीनं शिवलं आणि गोण माझ्या खांद्यावर ठेवली. ती इतकी हलकी होती की मी जवळजवळ उडी मारली.

"वाकून चाला हो!" अप्पा कुजबुजला. "तांदूळ आहेत ते!"

मी वाकलो. रघुवीररावांसमोरून जाताना तर कण्हलोसुद्धा. ते हळहळून म्हणाले, "सावकाश, कारकूनसाहेब. कंबर जपा." आपल्याशी चांगलं वागणाऱ्या माणसाला फसवताना कसं वाटतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण मी कण्हत राहिलो. एकदा कण्हायला लागल्यावर मधेच थांबताही येत नाही.

चाळीच्या जिन्यात शेजारच्या गंगुबाईंनी पाहिलं आणि तिथूनच हाक दिली, "गे राधा, तुझ्या घोवान गोण हाडल्यान गो!" आणि मला, म्हणजे त्या घोवाला, म्हणाल्या, "बरां झाला. माझी चिठ्ठी उद्या गावतली. दोन शेर उसने द्या, पोरांक भात घालतंय."

आमच्या चाळीत उसनं नाही म्हणण्याची रीत नाही. हळद, विस्तव, तांब्या, वेळप्रसंगी रडण्यासाठी खांदा, सगळं उसनं मिळतं. राधा, म्हणजे आमचं कुटुंब, हातात शेराचं माप घेऊन दारात उभीच होती. मी गोण घट्ट धरली.

"उघडायची नाही!" मी ओरडलो.

"का हो?"

आता खरं सांगावं, एवढा सोपा मार्ग समोर होता. पण मी हजेरीकारकून. रिकाम्या रकान्यात काहीतरी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. त्या वर्षी सरकार साथीपायी रोज नवा हुकूम काढत होतं, आणि हुकूम जितका विचित्र तितका तो खरा वाटे. मी म्हटलं, "बंदरावर या तांदळांना गंधकाची धुरी दिलीय. भाऊबीजेपर्यंत गोणी उघडायच्या नाहीत. कमिटीचा हुकूम आहे."

भाऊबीजेला लुगडं काढायचं, दुसऱ्या दिवशी पगारातून तांदूळ भरायचे, असा माझा चोख बेत होता. मी गोण माळ्यावर टाकली.  राधा माळ्याकडे बघत राहिली.

माझं ते वाक्य तासाभरात चाळभर झालं. खालच्या मजल्यावर ते होतं तसंच पोचलं. दुसऱ्यावर गेलं तेव्हा तांदळांनाच गाठी आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे, मिलमध्ये माणसं भरणारे धोंडू जॉबर तर शपथेवर सांगत होते, की त्यांनी गोणीत उंदीर खोकताना ऐकला. पुरुषमंडळींनी आपापल्या गोणी उचलून गॅलरीत नेऊन ठेवल्या आणि त्यांच्याकडे लांबून पाहत उभे राहिले. मी खोटं बोललो असं सांगायला गेलो असतो, तर "कारकुनाला कमिटीनं गप्प केलं" असं म्हणाले असते. (ही मी माझी काढलेली समजूत. मी सांगायला गेलोच नव्हतो.)

माझ्या पानात त्या दिवशी नाचणीची भाकरी पडली.

"दिवाळीत भाकरी?" मी विचारलं.

"तांदूळ उघडायचे नाहीत ना? हुकूम आहे," राधा म्हणाली, आणि आणखी एक वाढली.

नरक चतुर्दशीला अभ्यंग झालं आणि भाकरी. लक्ष्मीपूजनाला भाकरी. रोज दुपारी कुठून तरी वाफाळत्या भाताचा वास येई. मला वाटे, हा माझ्या पापाचा वास आहे. मी डोळे मिटून गंगुबाईंच्या तीन पोरांचा विचार करी. माझ्या एका लुगड्यापायी चाळीतली पोरं सणाला भातावाचून राहिली होती. मला माझी खरोखर लाज वाटली. पाडव्याला सकाळी मी ठरवलं, की आता सगळ्यांसमोर सांगून टाकायचं.

तेवढ्यात खालून ओरडा झाला, "कमिटी आली!"

धोंडू जॉबरांनी तक्रार केली होती. रघुवीरराव छत्री टेकत आमच्या दारापर्यंत चढले, सगळी चाळ गोळा केली आणि म्हणाले, "कमिटीचे तांदूळ दूषित आहेत अशी कंडी कुणी पिकवली मला माहीत नाही. पण मी आता तुमच्यासमोर एक गोण उघडून, त्यातले तांदूळ शिजवून, स्वतः जेवणार आहे." त्यांनी सभोवार पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर थांबली आणि प्रेमानं भरून आली. "या कारकूनसाहेबांची गोण काढा. ती मी स्वतः जाताना पाहिली आहे. बिचारे किती कण्हत होते."

 चिठ्ठी जाणार, चाळीत तोंड काळं होणार, आणि लुगडं तुसासकट कमिटीच्या वहीत चढणार. मी म्हटलं, "साहेब, त्या गोणीत..."

"सरा बाजूला," राधा म्हणाली, आणि तिनं गोण खाली ओढली. गोण धप्प पडली. मला ते धप्प ऐकून काही कळेना. सुतळी सुटली. आत तांदूळ होते. पांढरेशुभ्र, खरेखुरे तांदूळ. मात्र गोण बरीच खाली गेलेली.

"ही उघडलेली दिसते," रघुवीरराव म्हणाले.

"मग काय करायचं साहेब? घरात माणसं जेवतात," राधा शांतपणे म्हणाली. "दोन दिवस मी जेवत्येय, गंगुबाई जेवतायत, त्यांची पोरं जेवतायत. कुणाला गाठ आलीय का बघा."

"सगळ्या बायकांनी खाल्ल्यान," गंगुबाई म्हणाल्या. "गोणी काय, एका बाजूक उसवल्यो नि परत शिवल्यो. घोवांक तेवढी भाकरी घातली. ते हुकूम पाळत होते."

चाळीतले सगळे पुरुष माझ्याकडे पाहू लागले. रघुवीरराव मात्र प्रसन्न झाले. त्यांनी आमच्याकडे बसून दोनदा भात मागून घेतला आणि हुकमाची अफवा खोटी ठरल्याची वहीत नोंद केली. मला वाढायला तोवर भात उरला नव्हता.

ते गेल्यावर मी हळूच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तांदळाची गोण ठेवली की आपला माळा करकरतो. तुम्ही ठेवलीत तेव्हा वरची मांजर उठलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही न्हायला बसलात, मी गोण घेऊन अप्पा वाण्याकडे गेले. म्हटलं, तूस इथं ओतू की रघुवीररावांच्या ओट्यावर? त्यानं मुकाट्यानं तांदूळ भरले."

"आणि लुगडं?" मी विचारलं.

"पेटीत आहे. वन्संचं आहे ते, मी कशाला परत करू? मीही त्याला परत घे म्हटलं नाही, त्यानंही परत दे म्हटलं नाही."

"म्हणजे फुकट पडलं?"

"फुकट कसलं?" राधा म्हणाली. "तीन दिवस भाकऱ्या खाल्ल्यात की तुम्ही." मग म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंत तर मीच चिठ्ठी दिली असती हो. नारळाचं मलाही लागलं होतं." 

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी पगडी घालून, लुगड्याचं बोचकं काखेत घेऊन, पोयबावडीपलीकडे कमलकडे गेलो. काशीबाई पाटाशेजारीच बसल्या होत्या. त्यांचा मुलगा दुसऱ्या मिलमध्ये सांच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होता, आणि त्यांच्या घरी चिठ्ठी कधी आली नाही, येणार नाही, असं त्या न विचारता सांगत. कमलनं ओवाळलं. मी तबकात लुगडं ठेवलं. तिचा चेहरा असा उजळला, की तीन दिवसांच्या भाकऱ्या मला त्या क्षणी स्वस्त वाटल्या.

"बघू गं," म्हणत काशीबाईंनी लुगड्याची घडी झटकून उलगडली.

आणि घडीतून तूस पडलं. तबकात, निरांजनावर, माझ्या पगडीवर. ठिणगीसारखं चर्र वाजलं. कमलनं मान खाली घातली. मी तोंड उघडलं, पण पहिल्यांदाच मला कुठला हुकूम सुचेना.

काशीबाईंनी एक तूस चिमटीत धरून उजेडात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठल्या, आतून माझ्यासाठी घेतलेलं नवं उपरणं आणलं आणि माझ्या खांद्यावर घातलं. उपरण्याच्या घडीतून माझ्या मांडीवर तुसं घरंगळली. चांगली चिमूटभर होती.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या सांचेवाल्याच्या आईला आणि त्या हजेरीकारकुनाला त्या वेळी एकमेकांविषयी जे वाटलं, ते आम्ही पुढं कधी बोललो नाही. नारळाचं नावही त्या घरात पुन्हा निघालं नाही.

"चला, पानं घेतली आहेत," काशीबाई म्हणाल्या.

पानात नाचणीची भाकरी होती. कमल दुसरीकडे बघत होती.

"भात करणार होते," काशीबाई ताठ मानेनं म्हणाल्या, "पण यंदा म्हणे भाऊबीजेपर्यंत तांदळाची गोण उघडायची नाही. कमिटीचा हुकूम आहे. लालबागच्या कुणा कारकुनानं स्वतः वाचलाय."

"मीही ऐकलंय," मी म्हटलं. "हुकूम म्हणजे हुकूम." आणि मी दोन भाकऱ्या मागून घेतल्या.

घरी आलो तर राधा पान मांडून बसली होती. पानात भाताची मूद, वर तूप. "झाली तुमची शिक्षा पुरी," ती हसून म्हणाली. "बसा."

मी बसलो. पण पोटात तीन भाकऱ्या होत्या. ती मूद गंगुबाईंच्या धाकट्यानं खाल्ली.